हात बघणारे मिस्त्री

“आदी हात दाव,” मिस्त्री म्हणायचे. मोटार दारात उभी केली तरी ते मोटारीकडे बघायचेच नाहीत. ड्रायव्हरचे दोन्ही तळवे हातात घ्यायचे, अंगठ्याच्या मुळाशी आलेला घट्टा दाबायचे आणि सांगायचे, “डावीकडं वडतीया की. आन् तू महिनाभर गप बसलायस.”

बाहेरगावची माणसं समजायची की मिस्त्री भविष्य सांगतात. एकदा कोण्या खेडुतानंही हात पुढं केला, तेव्हा मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, “तुमी बैलगाडी हाकताय. काळजी न्हाई.”

मी मूळचा करकंबचा. गाडी शिकलो आणि सोलापूर-वैराग सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर झालो. तुमच्यापैकी ज्यांनी तो काळ पाहिला असेल त्यांना आठवत असेल, तेव्हाचा रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या खोल चाकोऱ्या. मोटारीचं चाक एकदा त्यात शिरलं की बाहेर काढताना खांदे भरून यायचे. कमानीचे पाटे तुटायचे, सांधे झिजायचे. मग सोलापूरच्या वेशीबाहेरची मिस्त्रींची पत्र्याची शेड गाठायची. इंजिनाच्या कामाला त्यांनी कधी फारसा हात लावला नाही. म्हणायचे, “इंजिन बंद पडलं तर मानूस चालत घरी जातंय. चाकानं दगा दिला तर चौघं उचलून नेत्यात.”

ते गाडीखाली आडवे व्हायचे आणि वर सीटवर त्यांचे थोरले भाऊ स्टिअरिंग धरून बसायचे. खालून सांध्यावर तळवा ठेवून मिस्त्री ओरडायचे, “हलाव, भई.”

“हलाया.”

“और हलाव.”

“अरे, चाक हाथ में आताय अब!”

थोरल्या भावांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. मिलमध्ये गेला असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. सोलापुरात असलं काही कुणी विचारत नसे.

एका लग्नसराईत आमच्या मोटारीच्या मालकांनी वैरागच्या एका लग्नाचं वऱ्हाड न्यायचं कबूल केलं. निघायच्या आदल्या दुपारी मी गाडी मिस्त्रींकडे नेली. स्टिअरिंगच्या पेटीखाली एक लोखंडी दांडा लोंबतो. हातातलं चाक वळवलं की तो पुढची चाकं ढकलतो. मिस्त्रींनी त्याला रॉकेलचा बोळा लावला, पुसला आणि वर खडू चोळला. थोड्या वेळानं पांढऱ्या खडूवर केसासारखी काळी रेघ उमटली. दांड्याला चीर पडली होती.

“ही गाडी जायची न्हाई,” ते म्हणाले. “मुंबैवरनं नवा दांडा मागवा.”

मालक चिडले. “आन् उद्या नवरदेवाला काय टांग्यातनं नेऊ व्हय वैरागला?”

नवरदेवाचे वडीलच धावत आले. त्यांनी हात जोडले. “मिस्त्री, मुहूर्त टळंल. पोरीकडची मानसं काय म्हनतील?”

मिस्त्रींनी भावाकडे पाहिलं. भाऊ दुसरीकडेच बघत होते. मग मिस्त्रींनी भट्टी पेटवली, दांडा तापवला आणि जोड मारला. कानशीनं घासून तो परत बसवला. त्या संध्याकाळी त्यांनी माझा हात पाहिला नाही.

सकाळी वऱ्हाड चढलं तेव्हा माझ्या शेजारच्या जागेवर मिस्त्री आधीच बसलेले. धुतलेला सदरा, टोपी आणि मांडीवर हत्यारांची पिशवी.

“तुमी कुटं?”

“लग्नाला.”

“आवतन हाय?”

“न्हाई. चल. हळू चल.”

वैरागपर्यंत त्यांच्या तोंडात तो एकच शब्द. उतार आला की हळू, चाकोरी दिसली की हळू. एक सायकलवाला घंटी वाजवत आमच्या पुढं गेला. बायकांची गाणी थांबली आणि कुरकुर सुरू झाली. नवरदेवाचे वडील मागून ओरडले, “मिस्त्री, नवरदेव म्हातारा व्हईल की!”

पोचलो. मुहूर्तही गाठला. वाटेत काहीही झालं नाही.

अक्षता पडत होत्या तेव्हा मिस्त्री गाडीखाली होते. मी मांडवातून बाहेर आलो तर दांडा काढून त्यांनी एका धोंड्यावर ठेवलेला. त्यांनी हातोडा उचलला आणि जोडावर घातला. दांडा तुटला नाही. परत घातला. नाही तुटला. माणसं जमली. नवरदेवाचे वडील म्हणाले, “आवो, लई मजबूत हाय की!” सगळे हसले. मिस्त्रीही हसले, पण हातोडा थांबला नाही. शेवटी दांडा वाकला. “आता बसत न्हाई,” ते म्हणाले आणि खाली बसून घाम पुसू लागले.

वऱ्हाड बैलगाड्यांतून परत निघालं. नवी नवरी मिस्त्रींकडे ज्या नजरेनं बघत गेली ती मला अजून आठवते. आम्ही दोघं गाडीपाशी राहिलो. बाजारतळावरच्या लिंबाखाली बसून मी विचारलं, “जोड तर पक्का होता. मग का वो?”

“पयलाबी पक्का व्हता,” मिस्त्री म्हणाले.

त्यांचे भाऊ पूर्वी ड्रायव्हर होते. त्यांच्याही गाडीचा दांडा असाच चिरलेला. भावाला घाई होती. मिस्त्री तेव्हा भट्टीकाम नुकतंच शिकलेले. त्यांनी जोड मारून दिला. “महिनाभर टिकला,” ते म्हणाले. “मैंदर्गीच्या म्होरं उतारावर सुटला. गाडी भाईच्या पायावर.”

“भाऊ काय म्हनले?”

“काय न्हाई. आजवर एक शब्द न्हाई. ना त्यांनी काढला, ना मी.”

दुसऱ्या दिवशी मालक वैरागला आले. त्यांनी मला बाजूला घेतलं. “खरं सांग, येताना गाडी नीट चालली का न्हाई?”

“चालली.”

“मग हितल्या लोहाराकडनं दांडा सरळ करून घे आन् चल.”

“नवा दांडा येईस्तवर मी चाकाला हात लावायचा न्हाई,” मी म्हणालो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

मालकांनी मला काढून टाकलं आणि मिस्त्रींकडे गाड्या पाठवणं बंद केलं. इतर मालकही काही काळ बिचकले. शेड ओस पडली. त्या दिवसांत दोघं भाऊ दाराशी बसून चहा पीत असायचे. मिस्त्रींच्या शब्दावर एका डॉक्टरांनी मला आपल्या मोटारीवर ठेवलं. पुढं हळूहळू ड्रायव्हर मंडळीच मालकांना न विचारता वाट वाकडी करून शेडकडे येऊ लागली.

काही वर्षांनी उन्हाळ्यात मिस्त्रींच्या छातीचा आजार बळावला आणि ते गेले. मी घरी भेटायला गेलो. थोरले भाऊ बाजेवर बसले होते. डोळे कोरडे होते. मला जवळ बसवून त्यांनी आपण होऊन सांगितलं. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मिस्त्रींनी त्यांना हाक मारली होती.

“पूछ्या मेरे कू, पाव दुखताय क्या, भई? इत्ते बरसों में पैली बार पूछ्या.”

“मग?”

“मैं बोल्या, कौनसा?”

भाऊंनी विजारीचा रिकामा डावा पाय सारखा केला.

“हस्या वो. इत्ता हस्या की उठा के पानी पिलाना पड्या.”

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“फिर मैं भी हस्या,” ते म्हणाले.