सातवीतला डावा हात

आमचे मुख्याध्यापक लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये प्रोफेशनॅलिझमचं प्रशिक्षण घेऊन आले. येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या: शिक्षकांना ब्लेझर, आणि 'वर्गात अनपेक्षित काही घडता कामा नये' हे वाक्य. ब्लेझरांना मावळच्या हवेत लवकरच बुरशी आली. वाक्य मात्र टिकलं.

त्या वर्षी आमच्या कार्ल्याजवळच्या शाळेत गणिताला एक तरुण शिक्षिका होती, कामशेतहून यायची. शिक्षणसेविका म्हणून तिची मुदत संपत आली होती. संस्थेचे तपासनीस तिचा एक पाठ पाहणार आणि तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरवणार होते.

मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशी सातवीला तयार केलं. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येतं त्यांनी उजवा, येत नाही त्यांनी डावा. मॅडम फक्त उजव्या हातांना उठवतील. तिला हे पटलं नव्हतं. पण कायम व्हायचं असलेलं माणूस मुख्याध्यापकांशी वाद घालत नाही. ही युक्ती माझ्या लहानपणीही होती, फक्त तिला प्रोफेशनॅलिझम म्हणत नसत.

पाठाच्या दिवशी शाळेतला जुना शिक्षक म्हणून मी मागच्या बाकावर तपासनीसांशेजारी बसलो होतो. तिने फळ्यावर गणित लिहिलं: भाताच्या रोपांची आवणी सहा बायका चार दिवसांत करतात, तर आठ बायका किती दिवसांत करतील? झाडून सगळे हात वर गेले.

"मॅडम, थांबा. मी विचारतो," तपासनीस म्हणाले आणि त्यांनी खिडकीजवळच्या एका डाव्या हाताकडे बोट केलं.

मुलगी उठली. "मला न्हाई येत, सर."

"मग हात का वर केलास?"

"म्हनून तर डावा केलाय."

दारातले मुख्याध्यापक टाय सारखा करू लागले. मॅडमने खडू ठेवला आणि सरळ मुलीच्या बाकाशी जाऊन उभी राहिली.

"कुठं अडलं गं?"

"जास्तच दिवस लागतील, मॅडम. बायका वाढल्या की गप्पा वाढत्यात."

वर्गात हशा पिकला. त्या दिवशी पहिल्यांदाच मॅडमही हसली.

"बरं, गप्पा मारायच्या नाहीत असं धर."

"मग कोन येईल आवणीला?"

"मारू दे गप्पा. पण प्रत्येकीचं काम सारखंच. आता सांग, सगळं शेत एकटीनं लावलं तर?"

मुलीने बोटांवर मोजलं. "चोवीस दिवस. कंबर मोडंल."

"आणि आठजणींनी वाटून घेतलं तर?"

"तीन," मुलगी म्हणाली. आधीच असं का नाही विचारलं, अशा सुरात.

बाहेर तपासनीस मुख्याध्यापकांना म्हणाले, "यांना कायम करा. आणि डाव्या हाताचं म्हणाल, तर मीही असे पाठ घेतलेत. शिकवणं बघायचं असलं की मी डाव्यालाच उठवतो."

स्टाफरूममध्ये ती चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली.

"ती 'न्हाई येत' म्हणाली ना, तेव्हा वाटलं, गेली नोकरी," ती म्हणाली. "आणि लगेच इतकं हलकं वाटलं, सर! म्हटलं, आता निदान शिकवता तरी येईल."

दुसऱ्या दिवशी सातवीवरून जाताना आतून कोणीतरी विचारत होतं, "मॅडम, आज कंचा हात?"

"कुठलाही," ती म्हणाली. "ज्याला येत नाही, तो आधी."