बिजूच्या पिक्चरमधली कौलं

मंडळी, आज सुट्टी होती. हितं कोइंबतूरला माझ्या खोलीत केरळचा बिजू राहतो. त्यानं दुपारी मोबाईलवर मल्याळम पिक्चर लावला. मारामारी न्हाई, नाचगाणी न्हाई. सगळी आपल्यासारखी साधी माणसं.

त्यात एक बाप घरावर चढून कौलं बदलतो. पोरगा खालून एकेक कौल फेकतो, बाप न बघताच झेलतो. मला वाटलं, पिक्चर काढणाऱ्यानं आमचं विंझरचं घर कधी बघितलं? दर उन्हाळ्यात मी आणि माझे वडील, आण्णा, असंच करायचो.

बिजूला म्हणलं थांबव, आणि घरी फोन लावला.

"आण्णा, औंदा कौलं चाळायला मी येतो."

"आरं, कौलं कुठंयत आता? गेल्या महिन्यात पत्रं टाकलं."

"मला सांगितलं न्हाई?"

"झेलायला मी हाय. फेकायला हितं कोण हाय?" आण्णा हसले. "एक कौल ठेवलंय, कोंबड्यांच्या पाण्याला."

पिक्चर अजून तिथंच थांबलाय.

तुमच्यातल्या कुणाच्या घरावर अजून कौलं असतील तर सांगा. मी येतो फेकायला. माझा नेम चुकत न्हाई.