झोपायच्या गाडीचा टायमिंग बेल्ट

भूकंपानंतर लातुरात सगळेच काही महिने बाहेर झोपले. मग एकेक जण आपापल्या छताखाली परतला. आम्ही नवरा-बायको मात्र तीन वर्षं अंगणात, आमच्या जुन्या गाडीत झोपत होतो. घराला साधा तडाही गेला नव्हता. पण बायकोने धसका घेतलाय, आत तिचा डोळा लागत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. ती मागच्या सीटवर पाय दुमडून आणि मी पुढची सीट आडवी करून. पाठीचा भुगा झाला, पण बायकोसाठी एवढं करावंच लागतं.

त्याच काळात लातुरात क्लासेसचं पीक आलं. मी गणिताचा मास्तर. रविवारी नांदेडला क्लास घ्यायचो आणि घरातल्या रिकाम्या खोल्या पोरांना भाड्याने द्यायचो. उदगीरचा एक किराणा व्यापारी मुलाला घेऊन आला. घर किती मजबूत आहे हे मी बाहेरूनच भिंतीवर थाप मारून दाखवलं.

"सर, घर येवढं मजबूत हाय, मग गाडीत उशा कशापायी?"

"गाडीची राखण करावी लागते," मी म्हणालो.

त्याने पोराला ठेवलं खरं, पण जाताना त्याच्या कानात सांगितलं, "खाट दाराजवळ घाल."

गाडीचा मेकॅनिक मात्र माझ्या मागे हात धुऊन लागला होता. "सर, टायमिंग बेल्ट बदला." टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातला दातेरी रबरी पट्टा. तो तुटला की इंजिन बंद.

"अरे, रविवारची नांदेडची फेरी सोडली तर ही गाडी धावते कुठं? किलोमीटर तरी बघ."

"किलोमीटरचं सोडा. रबर उभ्या उभ्या बी म्हातारं होतंय. पाच वर्षं म्हंजे लई झालं. एक रात्र गाडी ठिवा, सकाळी घिऊन जा."

एक रात्र! घोडं तिथेच पेंड खात होतं. त्या रात्री बायको कुठे झोपणार? आत नेलं तर रात्रभर रडेल, तब्येत बिघडेल. मी परीक्षा, पाहुणे, अमावस्या अशी कारणं देत वर्ष काढलं. मेकॅनिक मला चिक्कू समजू लागला. समजो बापडा.

एका रविवारी नांदेडहून परतताना लोहा ओलांडलं आणि इंजिन एकदम गप्प झालं. ना धूर, ना खडखड. चावी फिरवली तर स्टार्टर नुसताच हलका भिरभिरला. एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून गाडी मागे लोह्याच्या गॅरेजात आणली. तिथल्या मिस्त्रीने झाकण काढून तुटका पट्टा माझ्या हातात दिला. दात पार झडलेले.

"नशीब समजा सर, वॉल्व्ह वाचले, नाहीतर अख्खं इंजिन खोलावं लागलं असतं. बेल्ट नांदेडहून मागवून राहिलो. उद्या या."

एसटीत उभ्याने मी घरापर्यंत एकच घोकत होतो: हे तिला कसं सांगायचं? दिवेलागणीला घरी पोचलो आणि फाटकातूनच म्हणालो, "अगं, घाबरू नकोस. आज गाडी येणार नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि गाद्या घालायला सरळ आत गेली.

"पण तुला आत झोप कशी लागेल?"

"मला काय धाड भरलीय? मी पहिल्याच दिवाळीला आत यायला तयार होते. तुम्हीच रोज उशी घेऊन गाडीत जाऊन बसता. एकटं कसं सोडायचं म्हणून मी येत होते. माझे गुडघे गेले त्या सीटवर!"

मी भांडायला तोंड उघडलं. तिच्यामागोमाग आत जाऊन तिला खोटं पाडावं म्हटलं, तर उंबऱ्यावरून पाय पुढे पडेना. वर स्लॅबकडे नजर गेली आणि मी दाराची चौकट घट्ट धरली. खोल्यांमधली पोरं पुस्तकं बाजूला ठेवून माझ्याकडे बघत होती. त्यांच्यापैकी एकालाही नवल वाटलेलं दिसत नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकोने हातातली चादर खाली ठेवली, दारापर्यंत आली आणि माझा हात धरला.

"चला," ती म्हणाली, "मी आहे ना."