अक्रोडाच्या पेटीतले दोन कागद

माझे वडील होझिया प्रुइट मिसुरीत मका पिकवायचे, डुकरं पाळायचे. लिहिलेला कागद त्यांच्या हातून कधी चुलीत गेला नाही. आजीची पत्रं, बियाण्यांच्या याद्या, मेलेल्या वासराची नोंदसुद्धा अक्रोडाच्या लाकडी पेटीत. प्रुइट थंडीने गोठेल, पण कागद पेटवणार नाही, असं शेजारी चिडवायचे. त्या हट्टाचा मला आजही राग येतो.

अमेरिकेत उत्तर-दक्षिणेची आपसातली लढाई पेटली तेव्हा पेटीत आणखी दोन कागद आले. एक सरकारशी इमान राखण्याच्या शपथेचा. तो नसला तर सरकारी शिपाई शेतकऱ्याला जगू देत नसत. दुसरं लिव्हायकाकांचं पत्र, बंडखोरांच्या छावणीतून आलेलं. कागद वाचवायला काकांनी उभ्या ओळींवरच आडव्या ओळी लिहिल्या होत्या.

"अहो, जाळा ते," आई म्हणायची.

"भावाचं अक्षर आहे," एवढंच बाबा म्हणायचे.

जूनमध्ये भर दुपारी निळ्या कोटातले आठ घोडेस्वार आले. निळा कोट म्हणजे सरकारी, असं समजून बाबांनी शपथेचा कागद पुढे केला. पण ते बंडखोर होते; कोट मेलेल्या शिपायांच्या अंगावरून उतरवलेले. त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने बाबांचे दात पाडले आणि कोठाराच्या तुळईला त्यांना टांगलं. आई काकांचं पत्र घेऊन धावली. म्होरक्याला वाचता येत नव्हतं. आई कागद फिरवून फिरवून आडव्या ओळी वाचत होती आणि वर बाबा तडफडत होते. शेवटी त्यांनी दोर कापला. बाबा जगले, आवाज मात्र गेला, नुसती घरघर उरली.

तेव्हापासून काकांचं पत्र बाबांच्या खिशात आणि शपथेचा कागद पेटीच्या तळाशी.

ऑक्टोबरात आम्ही कणसं तोडत होतो, तेव्हा पुन्हा निळे कोट आले. अधिकाऱ्याने कागद मागितला. बाबांनी कोटांकडे पाहिलं आणि शहाणपणा करून खिशातलं पत्र दिलं. हे खरे सरकारी शिपाई होते.

"भाऊ तिकडे आहे होय? मग तूही जा," अधिकारी म्हणाला.

बाबा घराकडे बोट दाखवत राहिले. घशातून शब्द फुटेना. दारातली आई ते बोट पाहून आत पळाली. शिपायांनी बाबांना कुंपणाशी उभं करून छातीत तीन गोळ्या घातल्या. मी दहा पावलांवर टोपली धरून उभी होते.

पेटी उपडी करून आई शपथेचा कागद घेऊन आली तेव्हा बाबांचे पाय अजून हलत होते. अधिकाऱ्याने कागद शेवटपर्यंत वाचला, खालची सही तपासली.

"कागद बरोबर आहे, बाई," तो म्हणाला, आणि घडी घालून परत दिला.

आईने तो पेटीत ठेवला. पेटी आता माझ्याकडे आहे. एवढा राग येतो, तरी माझ्याच्यानेही तो जाळवत नाही.