रामनगरचं प्रेशर

रक्तदाबालाही गावाची हद्द असते आणि ती ओलांडून तो कुणाच्या मागे येत नाही, असं ठामपणे मानणारा माणूस अख्ख्या जोयडा तालुक्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांचं घर कुंभारवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका वळणावर, उंचावर आहे. खाली झाडीत विखुरलेली सात-आठ घरांची वाडी. तिथून रस्ता दिसत नाही. बस दिवसातून दोनदा येणार, तीही तिच्या मर्जीने. तेव्हा बस आल्याची वर्दी वाडीला देण्याचं काम मामांनी आपणहून अंगावर घेतलेलं. अंगणाच्या कडेला एक सपाट दगड आहे. पलीकडच्या चढावर इंजिनाची घरघर ऐकू आली की मामा हातातलं काम टाकून त्या दगडावर चढत, तोंडाशी हात धरत आणि ‘आऽऽली’ अशी आरोळी ठोकत. रात्रंदिवस भातातली डुकरं हाकलून तयार झालेला तो गळा. पहिल्या आरोळीला खालच्या बायका केसांतून फणी फिरवायच्या, दुसरीला पायात चपला सरकवायच्या आणि तिसरीला सगळे जण धापा टाकत रस्त्यावर. एकदा तापाने फणफणले असताना मामा दोघांच्या खांद्यांना धरून घोंगडीसकट दगडापर्यंत गेले होते. बसमध्ये ते क्वचितच बसत, पण बस आपलीच असल्यासारखे वागत. तिला उशीर झाला तर वाडीची माफी मामा मागायचे.

जावई या प्राण्याबद्दल त्यांना भलताच आदर. मी वयाने त्यांच्या मुलासारखा, रामनगरात सायकलदुरुस्तीचं दुकान चालवणारा साधा माणूस. पण मी अंगणात आलो की मामा पटका सारखा करून उभे राहणार. जावयाचा शब्द मोडायचा नाही हा त्यांचा नेम. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी सहज, काहीतरी बोलायचं म्हणून, ‘मामा, तंबाखू सोडा आता’ असं म्हणून गेलो. पुढच्या खेपेला गेलो तर चंचीत सुपारीची खांडं होती आणि तंबाखूचा मागमूस नव्हता. चाळीस वर्षांची सवय त्यांनी माझ्या एका वाक्यासाठी सोडली होती. मामी म्हणाली, आठ दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. मला त्या वेळी नुसती गंमत वाटली होती.

चारेक वर्षांपूर्वी मामा बाजाराला रामनगरला आले होते. शाळेत फुकट तपासणी चालली होती, म्हणून मी त्यांना नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून फुगवला, आकडा पाहिला, थोडं थांबून पुन्हा फुगवला. मग डोकं दुखतं का, गरगरतं का, विचारलं. मामांना काहीच होत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हाच तर याचा लबाडपणा, आत सगळं चढलेलं असतं आणि माणसाला पत्ता नसतो. गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी सोडायची नाही, मीठ कमी करायचं. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन, रोज घेतात की नाही ते बघा, असं बजावलं. मी मान हलवली.

परत बसच्या थांब्यावर येईपर्यंत मामांनी सगळा विचार पुरा केला होता. म्हणाले, “जावय, सकाळी घरातनं निघालो तवा काय न्हवतं. हितं आलो आन् निघालं. म्हंजे ते हितलंच न्हवं का?” रामनगरची धूळ, लॉऱ्यांचे भोंगे, माणसांची गर्दी यांनी ते चढतं आणि बस रानात शिरली की आपोआप उतरतं, असं त्यांचं शास्त्र. त्याला ते ‘रामनगरचं प्रेशर’ म्हणत. मामीला घाटात उलटी होते, म्हणून ती बसच्या दिवशी तेवढी गोळी घेते. मामांनी आपली गोळी त्याच हिशेबात बसवली. बाजाराला जायच्या सकाळी दोघं समोरासमोर बसून, एकाच तांब्यातलं पाणी पिऊन, आपापली गोळी गिळत आणि बसची वाट पाहत. बाकीचे दिवस पाकिटं देवाच्या फळीवर. मिठाचंही तसंच. पेजेत मीठ घालू देत नसत, त्यात मात्र कडक. पण शेजारी मिठाच्या खारात मुरलेली आंबट कैरी हवीच. त्या बरणीचा खार वाटीत घेऊन ते पीत, आणि मी काही बोललो तर, मीठ केव्हाच विरघळून गेलं, आता राहिलंय ते पाणी, असं समजावून सांगत.

ही हकीकत मी कुठे कुठे सांगितली असेल. लग्नात, बारशात, दुकानात पंक्चर काढता काढता. मामांचा आवाज काढून सांगायचो. खानापूरच्या एका पाहुण्याने तर मला ती एकाच संध्याकाळी दोनदा सांगायला लावली. दर महिन्याला दवाखान्यातून गोळ्या आणून बसबरोबर मीच पाठवायचो. फळीवर साचलेली पाकिटं मी डोळ्यांनी पाहिली होती. पाहिली आणि हसलो, कारण हकीकतीला आणखी एक शेपूट मिळालं होतं.

एकदा नर्सबाई यंत्र घेऊन वाडीवर आल्या, तेव्हा मी तिथेच होतो. मामा गायब. शोधता शोधता मागच्या फणसावर सापडले, बऱ्याच वर. मी खालून हाक मारली. नेहमीचं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून हसू ओठांवर तयार ठेवूनच मारली. मामा फांदीला धरून खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, “हितं नगं मोजायला, जावय. हितंबी निघालं तर मग मी जायाचं कुटं?” त्यांना सगळं कळत होतं, हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं. ते घाबरलेले होते. मी नर्सबाईंना, आज ते नाहीत, असं सांगून वाटेला लावलं आणि हेही पुढे लोकांना सांगून हसवलं. एवढंच म्हणायचं होतं की मामा, रोज घ्या. त्यांनी घेतली असती. तंबाखू सोडणाऱ्या माणसाने घेतली नसती असं मी स्वतःला किती वेळा पटवून पाहिलं, पटत नाही.

गेल्या मार्गशीर्षात एक दिवस आरोळी आलीच नाही. बाजाराचा दिवस नव्हता. बस आली तशी वळणावरून निघून गेली आणि खालची माणसं आपापल्या अंगणात हाकेची वाट बघत बसली. चुकली हे समजल्यावर चौघं-पाच जण तणतणत वर आले, मामांना चांगलं फैलावर घ्यायला. मामा दगडापाशी बसलेले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं आणि उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. त्याच माणसांनी त्यांना घोंगडीच्या झोळीत घालून, मिळेल ते वाहन गाठून दवाखान्यात नेलं.

मी पोचलो तेव्हा डॉक्टर मामीला विचारत होते, प्रेशरची गोळी रोज देत होता ना. मामी पदर सावरून अभिमानाने म्हणाली, “व्हय तर. बसच्या दिवशी कदी चुकीवली न्हाई.” डॉक्टरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

मामा वाचले. काठी टेकत अंगणात येतात. बोलणं मात्र गेलं, सगळंच, एक शब्द सोडून. भूक लागली की ‘आली’, पाय दुखला की ‘आली’, नको असलं तरी ‘आली’. वाडीची माणसं आता अंदाजाने निघतात आणि पुष्कळदा त्यांची बस चुकते. मामांवर कुणी रागावत नाही.

गेल्या आठवड्यात राहायला गेलो होतो. सकाळी मामीने गोळी आणि पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. म्हणाली, तुम्हीच द्या, असे तोंड उघडत नाहीत, बस आली म्हणून सांगावं लागतं, मग घेतात. मी जाऊन मामांसमोर बसलो. त्यांनी डाव्या हाताने पटका चाचपून सारखा केला. मी म्हणालो, “मामा, घ्या. बस आली.”

त्यांनी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. बसला अजून दोन तास होते, चढावर चिटपाखरू नव्हतं. मग ते माझ्याकडे पाहत राहिले, बराच वेळ. मी खोटं बोलतोय हे त्यांना कळलं होतं, यात मला शंका नाही. पण जावयाचा शब्द. “आली,” मामा हळूच म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडलं.