चष्म्याशिवाय वाचलेली ओळ

शेजारच्या मालतीकाकू विजेचं बिल खिडकीच्या उजेडात धरून उभ्या होत्या. त्यावर छापलेला मीटरचा फोटो म्हणजे नुसता काळा डाग.

"गीझर बंद केला, फ्रिजसुद्धा बंद ठेवला. तरी बिल वाढलं कसं रे?"

मी वाचू लागलो. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. मराठीच सगळं, पण मला ओ की ठो कळेना. मला वाटायचं, या लोकांना सोपं लिहिता येत नाही. कसलं काय! हिशेब द्यायचा असला की यांच्या भाषेची बोबडी वळते, दम द्यायचा असला की ती कशी स्वच्छ होते. तळाशी ठळक छापलं होतं, 'मुदतीत बिल न भरल्यास वीज तोडली जाईल.'

तेवढं काकूंनी चष्म्याशिवाय वाचलं.