तेजराम मिस्त्री आणि वरचा जंग

तेजराम मिस्त्री गाडी तपासायला बसले की आधी चाकाचा वास घेत. बाजारात खरबूज घेताना आपण देठाशी नाक नेतो, तसे ते एका गुडघ्यावर बसून चाकाशी नाक नेत, डोळे मिटत आणि मग मालकाकडे असे बघत की त्याला काहीतरी कबूल करावेसे वाटावे. मला तर पहिल्याच भेटीत खरोखरच कबूल करायचे होते.

मी सडक अर्जुनीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वडील गेल्यावर त्यांची छोटी गाडी माझ्याकडे आली. चालवायला शिकले होते, पण भीती गेली नव्हती. पावसाळ्यातल्या एका सकाळी पुढच्या चाकांच्या फटीतून डिस्क दिसली. ब्रेक जिला दोन्हीकडून आवळतो ती ही लोखंडी तबकडी. तिच्यावर तांबूस गंज चढला होता. आमच्या घरी विळ्याला, अडकित्त्याला गंज लागू नये म्हणून तेल लावून ठेवत. मी शिलाई मशीनचे तेल कापसावर घेतले आणि दोन्ही तबकड्यांना नीट, मन लावून चोळले. मग गाडी घेऊन निघाले. हायवेच्या चौकात पुढे ट्रक उभा होता. ब्रेक दाबला, तर गाडी थांबेचना. हँडब्रेक ओढत मी ती बाजूच्या ढाब्याच्या अंगणात घातली आणि ती एका बाजेला जाऊन टेकली. बाजेवर झोपलेला ट्रकवाला उठून बसला आणि म्हणाला, "जेवाले एवढी घाई?"

ढाब्याला लागूनच मिस्त्रींचे गॅरेज. ते आले, बसले, वास घेतला.

"मॅडम, चाकाले तेल कोनं लावलं?"

"मी."

"काऊन जी?"

"गंज आला होता."

त्यांनी डिस्कवरून बोट फिरवून पाहिले. मग मागे वळून त्यांनी हाक मारली, "दुर्गा, इकडं ये, पाहून जाय. मॅडमनं ब्रेकची मालिश केली."

त्यांची बायको दुर्गाताई पदर तोंडावर धरून इतकी हसली की शेवटी मीही हसले. मिस्त्रींनी डिस्कला आवळणारे, तेल प्यालेले पॅड काढून टाकले, डिस्क धुतली, नवे पॅड बसवले. जाताना त्यांनी मला पावसात उभ्या असलेल्या दुसऱ्या एका गाडीजवळ नेले आणि तिच्या गंजलेल्या डिस्कवरून माझे बोट फिरवले. बोट तांबडे झाले. "हा वरचा जंग. पावडर लावल्यावानी. हळू चालवत आठ-दहा ब्रेक मारले का पॅडच त्याले पुसून टाकते. भेवाचं काम नाई. भेवाचा तो आतला. वरचा बोटाले लागते, आतला कानाले."

मी मात्र दोन्हींना सारखीच भीत राहिले. काही खुट्ट वाजले की त्यांना फोन करायची. "कसा आवाज? काढून दाखवा," असे ते म्हणत. मग मी ग्रंथालयात कपाटाआड उभी राहून 'खर्र', 'किर्र' असे आवाज काढी. एकदा सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "हा तुमच्या डब्याच्या झाकनाचा आवाज आहे, मॅडम." खरेच, मागच्या सीटखाली जेवणाचा डबा राहिला होता.

ब्रेकच्या बाबतीत त्यांना खोटे बोलता येत नसे. एकदा लग्नाला सजवलेली गाडी आली. फुले लावून झाली होती, फक्त मिस्त्रींनी 'चालते' म्हणायचे बाकी होते. त्यांनी वास घेतला, एक चक्कर मारली आणि किल्ली खिशात टाकली. नवरदेवाचा मामा तावातावाने भांडू लागला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "नवरदेव पायी गेला तं चालते. वर गेला तं कसं चालंल?" नवरदेव ट्रॅक्टरवरून गेला.

मला ते पुन्हा पुन्हा एकच सांगत. "गाडी उभी नोका ठेवू. आठ दिवसांतून एकदा फिरवा. उभ्या गाडीले जंग आतून खाते." मी हो म्हणे. पण गेल्या भादव्यात पाऊस थांबायला तयार नव्हता आणि ओल्या रस्त्याच्या धास्तीने मी दीड महिना गाडी बाहेरच काढली नाही.

अशाच एका दुपारी दुर्गाताई धावत ग्रंथालयात आली. मिस्त्रींच्या छातीत कळा येत होत्या. रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेली होती. गॅरेजात दोन गाड्या होत्या, दोन्हींची चाके काढलेली. "बाई, गोंदियाले न्या," एवढेच ती म्हणाली.

ढाब्यावरच्या पोरांनी त्यांना बाजेवरून माझ्या घराच्या दारात आणले, पण मिस्त्री मागे आडवे व्हायला तयार होईनात. ते पुढे माझ्या शेजारी बसले, दुर्गाताई मागे. घामाने त्यांचा सदरा भिजला होता. गल्लीच्या तोंडाशी मी ब्रेक दाबला आणि उजवीकडून कर्रकर्र आवाज आला. मी त्यांच्याकडे पाहिले.

"वरचा जंग आहे," ते म्हणाले. "जाईल."

कोहमारा मागे पडले, जंगल लागले, तरी आवाज गेला नाही. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढत होती.

"मिस्त्री, जात नाहीये हो."

"दीड महिन्याचा आहे. वेळ लागंल. तुम्ही ब्रेकवर पाय नोका ठेवू. गेर खाली आना. तिसरा. हं."

"जोरात नेऊ का? तुम्हाला त्रास होतोय."

"नाई जी. हळूच चाला. मले गचके सहन नाई होत."

मी तिसऱ्या गिअरवर, कधी दुसऱ्यावर, बैलगाडीसारखी गाडी नेली. पुढे ट्रक दिसला की मी काही करायच्या आधीच ते म्हणत, "पाय उचला. येऊ द्या तशीच." मध्येच त्यांचे बोलणे तुटे, ते डोळे मिटत, आणि मला वाटे, संपले. मग पुन्हा पुटपुटत, "गेर." तासाभराच्या रस्त्याला पावणेदोन तास लागले.

दवाखान्याच्या दारात त्यांना स्ट्रेचरवर घेतले, तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले.

"मॅडम, वापस ही गाडी नोका नेऊ. बसनं जा. उजवं चाक खोलून पाहा. तो वरचा नोहोता."

"कधी कळलं तुम्हाला?"

"तुमच्या गल्लीतच."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

गोंदियाच्या मेकॅनिकने उजवे चाक उघडले. ब्रेकच्या पॅडमध्ये गंज शिरून त्याचे अस्तर पत्र्यापासून सुटले होते. उरलेला तुकडा त्याच्या हातातच गळून पडला. "मॅडम, आप इसी गाडी में सडक अर्जुनी से आईं?" त्याने विचारले. मी मान हलवली.

त्या पावणेदोन तासांतला जास्तीचा पाऊण तास मला झोपू देत नव्हता. डॉक्टरांना विचारायला मी दोनदा दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेले आणि परत आले. शेवटी महिन्याभराने दुर्गाताईकडे गेले. ती तांदूळ निवडत होती.

"त्यांनी मला गल्लीतच सांगायला हवं होतं," मी म्हणाले. "काहीतरी केलं असतं. दुसरी गाडी बघितली असती. लवकर पोचलो असतो."

"कोनाची गाडी पायली असती?" ती म्हणाली. "मले बी आवाज समजला होता. तीस वर्सं गॅरेजात रायली मी. बोलाले तोंड उघडलं, तं त्याईनं मागं वळून डोळे केले, चूप राय म्हनून."

"का पण?"

"तुमचा पाय कापत होता, बाई. सांगतलं असतं तं गाडी तुमच्यानं हललीच नसती. अन् जोरात नेली असती तं तिघंही गेलो असतो."

मी म्हणाले, "डॉक्टरांना विचारू का? पाऊण तासानं काही फरक..."

"नोका विचारू." तिने पहिल्यांदाच माझ्याकडे रोखून पाहिले. "ते हो म्हनले तं तुमी जगान कशा? अन् तुमी जगावं म्हनूनच तं त्याईनं गाडी हळू न्याले लावली."